शाळा व्यवस्थापन समिती: पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलेले पालक आणि कधीकधी नवे मुख्याध्यापकही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका शाळांना धरून आहेत. इतर शाळांबद्दल प्रश्न १४ पाहा. शासन निर्णय अधूनमधून बदलतात, म्हणून ठराव करण्याआधी ताजा निर्णय केंद्रप्रमुखांकडून (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारे अधिकारी) मागून वाचावा.

१. शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे नेमकं काय? ही ग्रामपंचायतीची कमिटी आहे का?

नाही. ही समिती बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातून आली आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत अशी समिती असावीच लागते. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शाळेला कुठूनही आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहणे, ही तिची तीन मुख्य कामे कायद्यातच लिहिलेली आहेत. पूर्वीची ग्रामशिक्षण समिती गावाची होती. ही समिती शाळेची आहे आणि तिच्यात बहुमत पालकांचे आहे, हा मोठा फरक आहे.

२. समितीत कोण कोण असतं?

महाराष्ट्रात जून २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे, सदस्य सचिव सोडून १२ ते १६ सदस्य असतात. त्यांतले किमान तीन-चतुर्थांश त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आई-वडील किंवा पालक हवेत. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा निवडून आलेला एक प्रतिनिधी, शिक्षकांनी आपल्यातून निवडलेला एक शिक्षक आणि गावातली शिक्षणाची जाण असलेली एक व्यक्ती येते. विद्यार्थ्यांतून दोघांना घेतले जाते, त्यांत एक तरी मुलगी असते. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच होतात. दर दोन वर्षांनी समिती नव्याने स्थापन होते.

३. आमच्या शाळेत निवड झालीच नाही, नावं लिहून आमच्या सह्या घेतल्या. हे चालतं का?

चालत नाही. पालक सदस्यांची निवड पालक सभेत व्हायला हवी. सभेची सूचना आधी द्यायची आणि कोणाची नावे सुचवली, कोणी अनुमोदन दिले हे इतिवृत्तात लिहायचे. तुमच्या शाळेत असे झाले नसेल तर आधी मुख्याध्यापकांना लेखी विनंती करून पालक सभा पुन्हा बोलावायला सांगा. बहुतेक ठिकाणी कोणी मागणी केली की सभा होते. मागणीच होत नाही, म्हणून जुनीच यादी पुढच्या दोन वर्षांसाठी उतरवली जाते. विनंतीला दाद मिळाली नाही तर प्रश्न १७ मधला मार्ग आहे.

४. सरपंचांना अध्यक्ष करता येईल का? आणि आजी-आजोबांना सदस्य होता येतं का?

सरपंचांचे मूल त्याच शाळेत शिकत असेल आणि पालक सभेने त्यांना पालक म्हणून निवडले असेल, तर ते अध्यक्ष होऊ शकतात. ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी म्हणून आले असतील तर सदस्य राहतील, अध्यक्ष नाही.

मूल ज्यांच्या सांभाळात आहे ते कायद्याने पालकच. त्यामुळे आई-वडील बाहेरगावी कामाला असतील आणि नातवंडे आजीकडे राहत असतील, तर आजी सदस्य होऊ शकते. मूल शाळेतून बाहेर पडले, चौथी किंवा सातवी पास होऊन गेले, की पालक म्हणून मिळालेले सदस्यत्व संपते आणि ती जागा पालक सभेतून भरायची असते.

५. मी स्वतः चौथीपर्यंतच शिकले. मोठ्या साहेबांपुढे मी काय बोलणार?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि जवळजवळ नेहमी आयांकडून येतो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

समितीला अध्यापनशास्त्र माहीत असावे असे कायदा म्हणत नाही. तुमचे मूल शाळेतून घरी येते आणि रोज तुमच्यासमोर असते. शिक्षणाबद्दलची ही माहिती कुठल्याही अधिकाऱ्याकडे नसते. दुसरीच्या मुलीला मराठीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या. अडखळत का होईना वाचते का? तिसरीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी घाला. दुकानात पाठवून शंभरातून किती परत आले ते विचारा. यासाठी स्वतः जास्त शिकलेले असण्याची गरज नाही. वाचता येत नसेल तर शेजारच्या आठवीतल्या मुलीला सोबत बसवा.

मग बैठकीत एवढेच विचारा: "तिसरीत किती मुलं आहेत आणि त्यांतल्या किती जणांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं?" हे उत्तर शाळेकडे असायलाच हवे, कारण कलम २४ नुसार मुलांची हजेरी, त्यांची शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना बैठकीत सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. उत्तर आकड्यात घ्या आणि इतिवृत्तात लिहायला सांगा. दोन महिन्यांनी तोच प्रश्न परत विचारा. रंगरंगोटी आणि स्वातंत्र्यदिनाच्या तयारीतच बहुतेक बैठका संपतात. ज्या शाळेत मुलांच्या वाचनाचा आकडा दर दोन महिन्यांनी इतिवृत्तात येतो, तिथे शिक्षकांनाही बळ मिळते, कारण कोणत्या मुलांना घरून मदत हवी हे पालकांना नावानिशी कळते.

६. बैठक किती दिवसांनी घ्यायची? इतिवृत्त आधीच लिहून सही मागतात, त्याचं काय?

महिन्यातून किमान एकदा. सूचना आणि विषयपत्रिका आधी मिळायला हवी. वेळ मजुरीवर जाणाऱ्या पालकांना जमेल अशी ठरवा. सकाळी अकराची बैठक शेतमजूर आईसाठी एका दिवसाची मजुरी बुडवणारी असते. संध्याकाळची वेळ किंवा बाजाराच्या सुट्टीचा दिवस जास्त सोयीचा पडतो.

कोऱ्या किंवा आधीच लिहिलेल्या इतिवृत्तावर सही करू नका. त्यासाठी भांडायची गरज नाही. "बैठक झाल्यावर वाचून दाखवा, मग सही करते," एवढे म्हणणे पुरेसे आहे. तुम्ही विरोध केला असेल किंवा वेगळे मत मांडले असेल, तर ते तसेच नोंदवायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

७. शाळा विकास आराखडा कोणी लिहायचा? आमच्याकडे तो तयार होऊनच येतो.

तो समितीने तयार करायचा आहे. आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात दर वर्षाचा एक उपआराखडा असतो. पुढच्या वर्षांत कोणत्या इयत्तेत किती मुले असतील, त्यांना किती शिक्षक लागतील, कोणत्या सोयी नाहीत आणि त्यासाठी जास्तीचा किती पैसा लागेल, एवढे त्यात हवे. सरकारने अनुदानाचे नियोजन या आराखड्याच्या आधारे करावे असे कलम २२ म्हणते. तो शेजारच्या गावच्या आराखड्याची नक्कल असेल तर मागणीही शेजारच्या गावाची जाते.

शिक्षकांची गरज मोजायला कायद्याच्या परिशिष्टातले प्रमाण वापरा. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक. मुले आणि मुली यांची स्वच्छतागृहे वेगळी, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण आणि अपंग मुलांना अडथळ्याविना आत येता येईल असा रस्ता, हेही परिशिष्टात आहे. एका दुपारी पाच-सहा पालकांनी शाळाभर फिरून ही यादी तपासली की निम्मा आराखडा तिथेच तयार होतो.

८. शाळेला वर्षाला किती पैसे येतात? आम्हाला कोणी सांगत नाही.

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळते. ३० पर्यंत मुलांना १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्याहून जास्त पटाला १ लाख अशी कमाल मर्यादा आहे. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. हातपंपाची दुरुस्ती, वीजबिल, खडू, स्वच्छतागृहाची डागडुजी हे सगळे यातच बसवायचे. रक्कम थोडी आहे, म्हणूनच तिचा हिशेब सर्वांना ठाऊक हवा.

२०२१ पासून हा पैसा शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. शाळेला खर्चाची मर्यादा मिळते आणि देयक ऑनलाइन निघते. ती मर्यादा वर्षाच्या शेवटी मिळते आणि ३१ मार्चपर्यंत वापरली नाही तर हातची जाते, अशी तक्रार खूप शाळांची आहे. यावर समितीने करण्यासारखे एकच आहे. कशावर आधी खर्च करायचा ते जून-जुलैमध्येच ठरावाने ठरवून ठेवा, म्हणजे मार्चमध्ये घाईत नको ते घेतले जाणार नाही.

हिशेब पाहण्यासाठी कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), व्हाउचर आणि बँकेचा उतारा मागा. सदस्य म्हणून तो तुमचा अधिकार आहे. सदस्य नसलेले पालक माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करू शकतात. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

९. गणवेश कोण घेतं, समिती की सरकार?

पुन्हा समितीच. अनेक वर्षे दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये शाळेला मिळत आणि समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या शिंप्याकडून ते शिवून घेत असे. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश वरून पुरवायचे ठरले. अर्धे वर्ष सरत आले तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते, मापे चुकली, कापडाबद्दल तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून खरेदीचा अधिकार समित्यांकडे परत दिला.

आमच्या मते हा बदल योग्य झाला. मुलाच्या अंगाचे माप गावातल्या शिंप्याला कळते, मंत्रालयाला कळत नाही. पण अधिकार परत आला म्हणजे जबाबदारीही आली. किमान तीन दरपत्रके घ्या, कापडाचा नमुना बैठकीत सगळ्या आयांच्या हातात द्या आणि मगच ठराव करा.

१०. शाळेसाठी वर्गणी द्यावीच लागते का?

नाही. पहिली ते आठवीचे शिक्षण मोफत आहे. वर्गणीसाठी प्रवेश अडवणे, दाखला रोखणे किंवा गुणपत्रक न देणे बेकायदा आहे. प्रवेशासाठी देणगी घेतली तर कलम १३ नुसार घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो.

स्वेच्छेने देणे वेगळे. महाराष्ट्रात शाळा लोकांच्या देण्यातून उभ्या राहण्याची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून सामान्य शेतकऱ्यांनी धान्य, जमीन आणि श्रम दिले. आजही शैक्षणिक उठावातून, म्हणजे शाळेसाठी लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या मदतीतून, गावे वर्गखोल्या रंगवतात, संगणक आणि टीव्ही आणतात. हे मोलाचे आहे. पण एक धोका दिसतो, तो स्पष्ट सांगायला हवा. काही गावांत समितीचे सगळे काम वर्गणी गोळा करण्यावर येऊन थांबते आणि जो जास्त देतो त्याचाच शब्द चालतो. पैसे न देऊ शकणाऱ्या पालकाचे मत देणगीदाराइतकेच मोजले गेले पाहिजे. देणग्यांची पावती द्या, त्या स्वतंत्र नोंदवहीत लिहा आणि सरकारने करायचे काम वर्गणीतून केले तरी त्याची मागणी आराखड्यात (प्रश्न ७) कायम ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी सरकार म्हणेल की तुमची सोय झाली आहे.

११. पोषण आहार तपासायला समितीने काय करायचं?

रोज शिजलेले अन्न मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी चाखायचे असते, त्यांत एक शिक्षक हवाच. आयांनी आळीपाळीने यावे आणि चव नोंदवहीत सही करावी. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. जेवणातून लहान गटाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने आणि मोठ्या गटाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे हे माप आहे. पटावरची मुले, त्या दिवशी हजर मुले आणि शिजवलेला तांदूळ हे तीन आकडे जुळतात का ते पाहा. डाळ पातळ वाटली तर नोंदवहीत तसेच लिहा.

१२. स्वयंपाक करणाऱ्या ताई दलित आहेत म्हणून काही घरांनी मुलांना डबे द्यायला सुरुवात केली. त्यांना बदला असा दबाव आहे.

बदलू नका. जातीमुळे कोणाच्या हातचे अन्न नाकारणे ही अस्पृश्यता आहे. ती संविधानाच्या कलम १७ ने नष्ट केली आहे आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवली आहे. असा ठराव समितीने केला तर तो बेकायदा ठरेल आणि ठराव करणारे अडचणीत येतील. अध्यक्षांनी आणि शिक्षकांनी मुलांसोबत त्याच पंगतीत बसून जेवावे. डबे आणणाऱ्या घरी समितीतल्या वडीलधाऱ्यांनी जाऊन बोलावे. त्या ताईंना एकटे पडू देऊ नका. त्यांचे काम त्यांच्या स्वयंपाकावरून तपासावे, जातीवरून नाही.

१३. महिला सदस्यांऐवजी त्यांचे पती बैठकीला येतात. काय करावं?

पतींना मत नाही, सही नाही आणि त्यांची हजेरी गणपूर्तीत धरता येत नाही. सदस्य सचिवांनी हे पहिल्याच बैठकीत सांगावे. त्याबरोबर बैठकीची वेळ बदला (प्रश्न ६) आणि दोन-तीन महिला सदस्या एकमेकींसोबत येतील असे पाहा. एकटी बाई पंधरा पुरुषांत गप्प बसते, तिघी असल्या की बोलतात.

१४. आमची शाळा अनुदानित आहे / इंग्रजी माध्यमाची खाजगी आहे / अल्पसंख्याक संस्थेची आहे. तिथे समिती असते का?

अनुदानित शाळेत असते, पण शिक्षकांची नेमणूक संस्थेकडेच राहते. अनुदानित शाळांत आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीची भूमिका सल्ला देण्यापुरती आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेला कलम २१ लागू नाही. तिथे शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याखाली पालक-शिक्षक संघ असतो आणि फीच्या प्रश्नासाठी तोच मार्ग आहे.

१५. शिक्षक उशिरा येतात, कधी येतच नाहीत. समितीला त्यांची बदली करता येते का?

येत नाही. नेमणूक, बदली, निलंबन हे अधिकार जिल्हा परिषदेकडे आहेत. समिती हजेरीवर लक्ष ठेवू शकते, नोंद करू शकते आणि लेखी कळवू शकते.

पण आधी कारण शोधा. शिक्षक शाळेत नाहीत म्हणजे नेहमी ते घरी असतात असे नाही. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून त्यांना शिक्षणाबाहेरचे काम देता येत नाही, तरी प्रत्यक्षात सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती आणि प्रशिक्षणे यांत त्यांचे दिवस जातात. दोनशिक्षकी शाळेत एक जण तालुक्याला गेला की चार वर्ग एकावर येतात. अशा वेळी शिक्षकाविरुद्ध तक्रार करण्यापेक्षा शिक्षकाच्या बाजूने ठराव करा: या महिन्यात अध्यापनाचे इतके दिवस बाहेरच्या कामात गेले. असे ठराव तालुक्याला गेले की गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही वर सांगायला आधार मिळतो. कारण नसताना गैरहजेरी असेल तर तारखांसह लिहा आणि प्रश्न १७ प्रमाणे पुढे जा.

१६. या समित्यांचा खरंच उपयोग होतो का? की कागदावरच राहतात?

दोन्ही घडते आणि हे भारतापुरते नाही. एल साल्वादोरमध्ये १९९१ पासून पालकांच्या संघटना स्वतः शिक्षक नेमत, तेही एका वर्षाच्या करारावर. केनियात १९६३ च्या स्वातंत्र्यानंतर लोकांनी वर्गणीतून हरांबे शाळा बांधल्या. शाळांची संख्या वाढली, पण त्या बहुधा सरकारी शाळांपेक्षा साधनांनी दुबळ्या राहिल्या. ज्यांच्याकडे आधीच कमी होते त्यांनाच दुप्पट भार उचलावा लागला.

उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. तेव्हा तिथे ग्रामशिक्षण समित्या होत्या. बहुसंख्य पालकांना समिती आहे हेच माहीत नव्हते आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हते. गावोगाव सभा घेऊन अधिकारांची माहिती दिली, तरी सरकारी शाळेतला सहभाग वाढला नाही. पण गावातल्या तरुणांना वाचन शिकवण्याचे साधे प्रशिक्षण दिले, तिथे त्यांच्या वर्गाला येणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले. इंडोनेशियात जावा बेटावर असे दिसले की शाळा समितीला नुसते अनुदान किंवा प्रशिक्षण देऊन फारसा फरक पडत नाही. तिला गावच्या परिषदेशी जोडले तेव्हा मुलांचे शिकणे सुधारले. पश्चिम केनियात करारावरच्या शिक्षकांवर लक्ष कसे ठेवायचे हे समितीला शिकवले, तेव्हाही फायदा झाला.

यातून आम्ही घेतलेला धडा असा: अधिकारांचे फलक लावून काही होत नाही. समितीला एक ठोस काम हवे आणि तिच्या मागे निर्णय घेऊ शकणारी सत्ता उभी हवी. आपल्याकडे ती सत्ता ग्रामसभा आहे. समितीने केलेला ठराव ग्रामसभेत मांडून मंजूर करून घ्या. राज्याच्या १३ जिल्ह्यांत पसरलेल्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात तर हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे.

१७. तक्रार कोणी ऐकतच नाही. पुढे काय?

क्रमाने जा: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली तर सर्वांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मारहाण किंवा मानसिक छळाची बाब असेल (कलम १७) तर क्रमाची वाट न पाहता लगेच लेखी तक्रार करा.

१८. आमच्या गावात दिवाळीनंतर निम्मे पालक ऊसतोडीला जातात. समिती चालवायची कशी?

बीडसारख्या जिल्ह्यांत हा प्रश्न दरवर्षीचा आहे. मुले आई-वडिलांबरोबर गेली की सहा महिन्यांची शाळा बुडते. यावरचा उपाय समितीच्याच हातात आहे. हंगामी वसतिगृह समितीमार्फत चालते. मुले गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात, सकाळ-संध्याकाळचे जेवण त्यांना शाळेतून मिळते आणि दुपारी पोषण आहार असतो. किती मुले मागे राहणार याची यादी आणि प्रस्ताव पालक निघण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरमध्येच तयार ठेवा. प्रस्ताव उशिरा गेला तर मंजुरी येईपर्यंत गाड्या निघून गेलेल्या असतात. जी मुले बरोबर जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी पत्रक (मूल कोणत्या इयत्तेत शिकते हे सांगणारा शाळेचा कागद) द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसता येते. बैठकीसाठी मागे राहिलेल्या आजी-आजोबांना सदस्य करून घ्या (प्रश्न ४).

१९. पट १४ वर आला आहे. शाळा बंद करून मोठ्या शाळेत जोडणार असं ऐकतो. समितीच्या ठरावाला किंमत आहे का?

आहे, पण ठराव नुसता विरोधाचा नको. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा अनेक गावांनी ठराव केले. जे ठराव पुराव्यासह गेले ते टाळणे कठीण झाले. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. त्यामुळे नकाशा काढा. नव्या शाळेपर्यंतचे अंतर मुलांच्या चालण्याच्या वाटेने मोजा, डांबरी रस्त्याने नाही. वाटेत ओढा आहे का, पावसाळ्यात तो किती दिवस ओलांडता येत नाही, जंगल किंवा महामार्ग आहे का, मुलींना एकटे पाठवतील का, हे लिहा. पुढच्या तीन वर्षांत वस्तीतली किती मुले सहा वर्षांची होतील ते अंगणवाडीच्या नोंदीतून काढा.

हेही प्रामाणिकपणे पाहा की १४ मुलांच्या शाळेत आपली मुले शिकत आहेत का. काही ठिकाणी पालकांनीच गाडीची लेखी हमी, सोबत एक मदतनीस आणि भावंडे एकाच शाळेत अशा अटी घालून मोठी शाळा स्वीकारली आहे. तो निर्णयही त्यांचाच आहे. कोणताही निर्णय घ्या, तो पालक सभेत मतांची नोंद करून घ्या आणि ज्या घरांना पायी जायचे आहे त्यांची मते आधी ऐका.